पूररेषा, रस्ता आणि मोटारीचा विमा

(गंगापूर रोड, नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोटारीचा विमा हा समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गाचा विषय कसा होऊ शकतो, अशी शंका येथे जमलेल्यांपैकी काहींच्या मनात आली असेल. मोटार ही सुखवस्तू माणसाची मालमत्ता, तिचा विमा ही त्याची खासगी चिंता. चळवळीने त्यात लक्ष का घालावे? ही शंका वरवर रास्त वाटते, परंतु थोडा विचार करताच ती गळून पडते. कायद्याने जो विमा सक्तीचा केला आहे तो मोटारमालकासाठी नाही. तो त्या मोटारीखाली सापडणाऱ्या माणसासाठी आहे. तो माणूस बहुधा पायी चालणारा, सायकलवाला, हातगाडी ढकलणारा किंवा दुचाकीवरून कामाला जाणारा असतो. म्हणजे हप्ता भरणारा एक आणि ज्याच्या जिवावर बेतते तो दुसरा. जेथे अशी स्थिती असते तेथे प्रश्न खासगी राहत नाही.

या विम्याची मुळातली मांडणी समजून घेतली पाहिजे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात विमासक्तीचे प्रकरण होते, आणि ते १ जुलै १९४६ पासून अमलात आले. आज १९८८ चा कायदा लागू आहे. त्याच्या १४६ व्या कलमान्वये तृतीय पक्षाचा, म्हणजे ज्याला लोक ‘थर्ड पार्टी’ म्हणतात तो, विमा उतरविल्याशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. अपघातात मेलेल्या किंवा जायबंदी झालेल्या त्रयस्थाला न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील, ती विमा कंपनीने द्यावयाची असते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. याशिवाय दुसरा भाग असतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. दोन्ही भाग एकत्र घेतले की त्याला बोलीभाषेत ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात.

आता या दोन भागांचे दर कसे ठरतात ते पाहण्यासारखे आहे. सक्तीच्या भागाचा दर सरकार ठरविते आणि तो देशभर एकच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, पंधराशेपर्यंतच्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि त्यावरील मोटारीला ७,८९७ रुपये असा वार्षिक हप्ता ठरला. ७५ ते १५० घनसेंटिमीटरच्या दुचाकीला ७१४ रुपये ठरले. ही मोटार मुंबईत फिरो, गंगापूर रोडवर फिरो की गडचिरोलीत, आकडा तोच. रस्त्यावरच्या मरणाची जोखीम साऱ्या देशाने सारखी वाटून घ्यावी, हे तत्त्व यात आहे. समाजवादी विचाराला ते परके नाही.

स्वतःच्या गाडीच्या विम्याचे मात्र तसे नाही. तेथे स्थळाला किंमत आहे. २००२ च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकाने खासगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग पाडले. ‘अ’ विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे. ‘ब’ विभागात उर्वरित सारा भारत. नाशिक त्या ‘उर्वरित भारतात’ मोडले. पाच वर्षांच्या आतील, हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीचा दर ‘अ’ विभागात तिच्या विमाकिमतीच्या ३.१२७ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.०३९ टक्के होता. पाच लाखांच्या गाडीवर हा फरक अवघा ४४० रुपयांचा होतो. शिवाय विभाग ठरे तो नोंदणीच्या ठिकाणावरून. एमएच-१५ क्रमांकाची गाडी गोदावरीच्या काठी तळघरात उभी राहो की उंचावरच्या मोकळ्या जागेत, दरपत्रकाला ती सारखीच.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले. त्यानंतर प्रत्येक कंपनी गाडीचा प्रकार, तिचे वय, पूर्वीचे दावे आणि वापराचा प्रदेश पाहून सवलत कमी-अधिक करू लागली. जुनी मांडणी ढोबळ होती, हे खरे. नवी मांडणी बारीक आहे, हेही खरे. परंतु हे बारकावे कोणत्या हिशेबाने ठरतात, ते ग्राहकाला कळत नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन शेजाऱ्यांना सारख्याच गाडीसाठी निरनिराळे आकडे सांगितले जातात आणि त्याचे कारण विचारण्याची सोय नसते.

आता ज्या रस्त्यावर ही सभा भरली आहे, त्याच रस्त्याचे उदाहरण घेऊ. अशोक स्तंभापासून निघून गंगापूर गावाकडे आणि पुढे धरणाकडे जाणारा हा रस्ता गोदावरीला बिलगून चालतो. एके काळी त्याच्या दुतर्फा मळे होते. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली, शहर पश्चिमेकडे सरकले, आणि मळ्यांच्या जागी बंगले व पुढे सदनिकांच्या इमारती आल्या. महाविद्यालये आली, रुग्णालये आली. या रस्त्यावरील मोटारीच्या जोखमीची कारणे मोजायची झाली, तर ती प्रामुख्याने तीन आहेत.

पहिले कारण पाणी. वर १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूरचे मातीचे धरण आहे. पावसाळ्यात धरण भरत आले की पाणी सोडावे लागते आणि ते सोमेश्वर, आनंदवल्ली या मार्गाने शहरात उतरते. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अवयवाला पाणी लागले, यावरून नाशिककर पुराची उंची सांगतात. १९६९ चा पूर जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. त्यानंतर सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या महापुरांनी नवी पिढीही शहाणी केली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन रेषा नकाशावर आहेत. त्यांच्या आत काय बांधावे आणि काय बांधू नये, हा वाद शहरात वर्षानुवर्षे चालू राहिला. दरम्यान नाले अरुंद झाले, इमारतींखाली तळघरातले वाहनतळ झाले आणि मुसळधार पावसात नदी न येताही पाणी तळघरात येऊ लागले.

दुसरे कारण रस्त्याची घडण. रस्ता रुंद झाला, परंतु जुन्या वृक्षांपैकी काही रस्त्याच्या मध्येच उभे राहिले. ते तोडावेत की राखावेत हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. झाड वाचावे ही मागणी योग्यच होती. मात्र झाड वाचवायचे तर त्याभोवती दुभाजक, चकाकणाऱ्या पट्ट्या आणि रात्रीचा दिवा हेही द्यावे लागतात. एवढे साधे कर्तव्य जेथे वेळेवर होत नाही, तेथे रात्री येणारा दुचाकीस्वार झाडावर आदळतो आणि दोष झाडाला दिला जातो.

तिसरे कारण वाहतुकीचे स्वरूप. सकाळ-संध्याकाळ विद्यार्थ्यांच्या दुचाकी, शेतमालाचे टेम्पो, आणि शनिवार-रविवारी धरणाकडे व तिकडच्या द्राक्षमद्याच्या केंद्रांकडे जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मोटारी एकाच रस्त्यावर येतात. मद्य पिऊन गाडी चालविणाऱ्याला स्वतःच्या गाडीची भरपाई विमापत्राच्या अटींप्रमाणे मिळत नाही. त्याने ज्याला उडविले त्याचा हक्क मात्र त्यामुळे बुडत नाही. न्यायालये सामान्यतः कंपनीला आधी भरपाई द्यावयास लावून ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देत आली आहेत. हे पीडितांना ठाऊक नसते, आणि ‘चालक प्यायलेला होता, आता काही मिळणार नाही’ या समजुतीने कित्येक कुटुंबे घरी बसतात.

अशा परिस्थितीत विम्याची निवड कशी करावी, हा व्यवहाराचा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘फुल’ विम्यात पूर, वादळ, गारपीट, दरड, आग, चोरी, दंगल यांनी झालेले नुकसान येते. परंतु ‘फुल’ हा शब्द फसवा आहे. गाडी पाण्यात उभी राहून तिची बैठक आणि तारा खराब झाल्या, तर तो पुराचा दावा. पाणी ओसरण्यापूर्वी मालकाने किल्ली फिरविली, पाणी इंजिनात ओढले गेले आणि इंजिन फुटले, तर कंपनी म्हणते की हे पुराने नव्हे, मालकाच्या कृतीमुळे झालेले नुकसान आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईकरांना हा धडा फार महाग पडला. पुढे कंपन्यांनी इंजिनसंरक्षणाची जोड वेगळ्या हप्त्याने विकायला काढली. म्हणून नदीकाठी किंवा तळघरात गाडी ठेवणाऱ्याने ही जोड घ्यावी, आणि गाडी बुडाली तर ती सुरू न करता छायाचित्रे काढून, कंपनीला कळवून, ती ओढून न्यावी. उंचावरच्या मोकळ्या जागेत जुनी गाडी ठेवणाऱ्याने त्या जोडीवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

घसाऱ्याचीही तीच गोष्ट आहे. गाडीची विमाकिंमत दुसऱ्या वर्षात २० टक्क्यांनी, आणि पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्क्यांनी उतरते. शिवाय दुरुस्तीच्या बिलातून रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत कापली जाते. हा कापलेला भाग भरून देणारी जोडही विकत मिळते, परंतु बहुतेक कंपन्या ती गाडीच्या पहिल्या काही वर्षांपुरतीच देतात. येथे प्रश्नाची वर्गीय बाजू उघडी पडते. नवी गाडी घेणारा, ज्याला एका दुरुस्तीचा खर्च सोसवतो, त्याला संपूर्ण संरक्षण उपलब्ध आहे. तीच गाडी सहा-सात वर्षांनी हप्त्याहप्त्याने विकत घेणारा, तिच्यावर पोट भरणारा चालक, त्याच्या वाट्याला अर्धे संरक्षण येते. त्यातही जुन्या गाडीचे विमापत्र चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यावयास हवे, हे त्याला विकणारा क्वचितच सांगतो. पूर आला की अशा माणसाची गाडी जाते आणि तिच्याबरोबर रोजीही जाते.

दुचाकीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. केवळ कायद्यापुरता थर्ड पार्टी विमा असेल, तर दुचाकीवर मागे बसलेला माणूस त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. सक्तीचा विमा भरला म्हणजे मागे बसलेली पत्नी वा मूल सुरक्षित झाले, ही समजूत चुकीची आहे. सर्वसमावेशक विमापत्रात ते येतात. थोड्याशा पैशांसाठी दुसरा भाग सोडणाऱ्याने हे जाणून मग निर्णय करावा.

येथवर व्यवहार झाला. परंतु व्यवहाराच्या पोटात धोरणाचा प्रश्न दडलेला आहे. पाण्याची, झाडांची, वाहतुकीची जी स्थिती हप्ता आणि निवड ठरविते, ती स्थिती कोणी ठरविली? नाला बुजविण्याची परवानगी मोटारमालकाने दिलेली नाही. पूररेषेत बांधकाम विद्यार्थ्यांनी केलेले नाही. तळघराचा नकाशा टेम्पोचालकाने मंजूर केलेला नाही. सार्वजनिक निर्णयांतून, आणि पुष्कळदा सार्वजनिक दुर्लक्षातून, जोखीम तयार होते. तिची किंमत मात्र एकेका माणसाकडून, जोड संरक्षणाच्या नावाने, दर वर्षी वसूल केली जाते. ज्याने जमीन विकून नफा केला तो या हिशेबात कोठेच नसतो. विमा नुकसान भरून देऊ शकेल, परंतु तो नाला मोकळा करू शकत नाही.

इतरत्र याचा विचार कसा झाला? कॅनडातील सास्कॅचेवान प्रांतात १९४४ साली टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली समाजवादी विचाराच्या पक्षाचे सरकार आले. त्याने सार्वजनिक विमा संस्था काढली आणि १९४६ साली मोटार विमा कायदा केला. तेथे विमा वाहनाच्या नोंदणीला जोडला गेला, आणि चूक कोणाची याचा वाद न घालता जखमीला ठरावीक मदत मिळू लागली. ती संस्था आजही चालू आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९८८ च्या नोव्हेंबरात मतदारांनी १०३ क्रमांकाचा प्रस्ताव संमत केला. हप्ता ठरविताना माणूस कोणत्या वस्तीत राहतो यापेक्षा तो गाडी कशी चालवितो, किती मैल चालवितो आणि किती वर्षे चालवीत आला आहे, यांना अधिक महत्त्व द्यावे, असे त्या प्रस्तावाने सांगितले. गरीब वस्तीत राहणे हा गुन्हा नव्हे, इतकाच त्याचा अर्थ होता.

भारतानेही याच दिशेने एक पाऊल टाकले होते. १ जानेवारी १९७३ रोजी १०७ सर्वसाधारण विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या झाल्या. १९८२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० रुपये देण्याची तरतूद आली. राष्ट्रीयीकृत कंपन्यांचे दप्तरदिरंगाईचे दोष सर्वांनी अनुभवले, ते लपविण्यात अर्थ नाही. त्या दोषांवर उपाय म्हणून २००० सालापासून खासगी कंपन्या आल्या आणि २०२१ च्या दुरुस्तीने सरकारी कंपन्यांतील किमान ५१ टक्के सरकारी भांडवलाची अटही काढली. स्पर्धेने चांगल्या गाडीच्या चांगल्या मालकाचा हप्ता कमी केला असेल. परंतु ज्याच्यासाठी कायदा झाला त्या पादचाऱ्याचे काय झाले?

त्याचे उत्तर समाधानकारक नाही. देशातील रस्त्यांवरील सुमारे निम्मी वाहने विम्याविना धावतात आणि त्यांत दुचाकींचे प्रमाण मोठे आहे. विनाविमा वाहनाने माणूस मेला तर न्यायाधिकरण निकाल देते, पण तो वसूल करायचा मालकाकडून. आणि मालकाकडे काही नसेल तर निकालाचा कागद घरात ठेवायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. ती मुदत संपली की गाडी पुन्हा विम्याबाहेर पडते. २०१९ च्या दुरुस्तीने दोन हजारांचा दंड ठेवला. दंडाने गरीब दुचाकीवाला लपतो, विमा भरत नाही. सक्तीच्या विम्यावर २०१७ पासून १८ टक्के जीएसटी घेणारे सरकार, दुचाकीचा हप्ता लहान हप्त्यांत वा इंधनाच्या किमतीतून घेण्याचा विचार का करीत नाही? दक्षिण आफ्रिकेत अपघातग्रस्तांचा निधी इंधनावरील आकारातून उभा राहतो. त्या निधीच्या कारभारात तूट आणि दिरंगाई आहे, हे खरे. तरी कोणतेही धावते वाहन त्या वर्गणीतून सुटत नाही, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आता कार्यकर्त्यांच्या कामाविषयी. पहिले काम स्वतःच्या घरापासून सुरू होते. चळवळीच्या कामासाठी फिरणारी प्रत्येक दुचाकी आणि जीप विमा उतरविलेली असलीच पाहिजे. श्रमिकांच्या हिताची भाषा बोलणाऱ्याच्या विनाविमा गाडीखाली एखादा श्रमिक सापडावा, यापरते लाजिरवाणे काही नाही.

दुसरे काम अपघातग्रस्तांच्या पाठीशी उभे राहण्याचे. न्यायाधिकरणाकडे अर्ज अपघाताच्या ठिकाणी किंवा अर्जदार जेथे राहतो तेथेही करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्याने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर कोणी थांबू नये. उडवून पळून गेलेले वाहन सापडले नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करावयाचा असतो. २०२५ सालापासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजना आहे. हे हक्क कागदावर आहेत. ते आनंदवल्लीतल्या मजुराच्या झोपडीपर्यंत पोहोचविणारा माणूस हवा आहे.

तिसरे काम महापालिकेच्या दारातले. विमा कंपन्यांपाशी प्रत्येक दाव्याची जागा, वेळ आणि कारण नोंदलेले असते. कोणत्या वळणावर गाड्या आदळतात आणि कोणत्या तळघरात दर वर्षी पाणी शिरते, हे त्यांना नगरसेवकापेक्षा अधिक ठाऊक असते. ती माहिती आज हप्ता ठरविण्यासाठी वापरली जाते. नावगाव वगळून ती लोकांसमोर ठेवावी, आणि महापालिकेने तिच्या आधारे दिवे, दुभाजक, नाले व तळघरांच्या परवानग्या यांचा वार्षिक आढावा घ्यावा, ही मागणी रास्त आहे. तिच्यासाठी सह्या गोळा करण्यास फार पैसा लागत नाही.

या रस्त्यावर संध्याकाळी उभे राहिले, तर मोटारींच्या रांगेच्या कडेने कामावरून परतणाऱ्या बायका चालत जाताना दिसतात. त्यांच्या नावावर कोणतेही विमापत्र नाही, आणि या रस्त्याची सर्वांत मोठी जोखीम त्याच उचलतात. मोटारीच्या विम्याचा विचार त्यांच्यापासून सुरू झाला, तरच त्या सक्तीला अर्थ आहे.